भावाचा रेट वाढत नाही, त्याला बिनकागदाचे लोक जबाबदार आहेत का?

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडते. तुमचा धाकटा भाऊ फॅमिली कोट्यातून ग्रीन कार्डवर न्यू जर्सीत आला, एजन्सीमार्फत एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, तीन वर्षं झाली तरी तासाचा रेट हललेला नाही, आणि ब्रेकरूममध्ये सगळे एकच सांगतात की हे बिनकागदाचे, म्हणजे इथे राहायचा कायदेशीर दर्जा नसलेले, लोक मिळेल त्या पैशात काम करतात म्हणून आपल्याला कोणी वाढवून देत नाही. हे खरं की नुसतं राजकारण, आणि खरं असेल तर भावाने करावं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी याच राज्यात कामगारांच्या बाजूने मजुरीच्या केसेस लढते. बांधकाम, रेस्टॉरंटची किचनं, लॉन्ड्र्या, मोटेल, आणि तुमच्या भावासारखी गोदामं. माझ्याकडे नागरिक येतात, ग्रीन कार्डवाले येतात आणि कुठलाच कागद नसलेलेही येतात, बऱ्याचदा एकाच मालकाविरुद्ध एकाच केसमध्ये. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते थोडं अभ्यासातून आलेलं आहे आणि बरंचसं फाईली चाळून. उत्तर लांब होईल, पण एका वाक्यात हो किंवा नाही सांगणं म्हणजे तुमची फसवणूक होईल.

पहिली गोष्ट, ब्रेकरूममधल्या त्या वाक्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. एक प्रश्न माणसांच्या संख्येचा, म्हणजे काम मागणारे जास्त झाले की रेट पडतो का. दुसरा प्रश्न असा की शेजारी काम करणारा माणूस तक्रार करू शकत नसेल तर माझ्या मजुरीचं काय होतं. पहिल्या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ चाळीस वर्षं भांडतायत आणि परिणाम सापडला तरी बहुतेक वेळा लहान सापडतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी रोज बघते आणि त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. नुकसान होतं आणि ते नागरिकांचंही होतं.

आधी संख्येचं बघू. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2023 मध्ये अमेरिकेत कायदेशीर दर्जा नसलेले सुमारे 1 कोटी 40 लाख लोक होते आणि त्यातले साधारण 97 लाख काम करणारे. आकडा मोठा आहे, नाकारायचं काही कारण नाही. साधं गणित सांगतं की इतके हात वाढले तर हाताची किंमत कमी व्हायला हवी. पण हे गणित अर्धंच आहे, कारण आलेला माणूस भाडं भरतो, दूध-अंडी घेतो, जुनी गाडी घेतो, तिला टायर टाकतो, म्हणजे तो कामही तयार करतो. शिवाय मालकही हात मिळतायत असं दिसलं की दुसरी शिफ्ट लावतो, नवीन गोदाम उघडतो. देशात काम काही मोजून ठेवलेलं नसतं, की एकाने घेतलं म्हणजे दुसऱ्याचं गेलं. अर्थात हे सगळं सावकाश होतं, आणि सावकाश होत असताना मधल्या काळात कोणाला तरी झळ बसते. ती कोणाला बसते हा खरा मुद्दा.

यावरची सगळ्यात गाजलेली केस मायामीची आहे. 1980 च्या एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून बोटी भरभरून सव्वा लाखाच्या आसपास लोक फ्लोरिडात उतरले. व्हिसा वगैरे काही नव्हता, सरकारने नंतर त्यांना एक तात्पुरता दर्जा दिला. मायामीतले काम करणारे लोक काही महिन्यांत जवळजवळ 7 टक्क्यांनी वाढले. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये मायामीची तुलना दुसऱ्या शहरांशी केली आणि कमी शिकलेल्या स्थानिक लोकांच्या पगारावर किंवा बेकारीवर काही फरक दिसत नाही असं दाखवलं. पुढे 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्यात या प्रकारच्या कामाचा मोठा वाटा होता. मग हार्वर्डचे जॉर्ज बोर्हास, जे स्वतः लहानपणी क्यूबातून आलेले, त्यांनी तोच डेटा पुन्हा उघडला आणि म्हणाले की हायस्कूल न संपवलेले, हिस्पॅनिक नसलेले पुरुष एवढेच वेगळे काढले तर त्यांचा पगार 10 ते 30 टक्के पडलेला दिसतो. त्यावर मायकल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी दाखवलं की नेमक्या त्याच वर्षांत सर्वेक्षणात कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं होतं आणि त्यांचे पगार आधीपासून कमी, म्हणून घसरण बरीचशी कागदावरची असू शकते. वाद अजून चालू आहे. मी दोन्ही बाजू वाचल्यात आणि मला जे पटलं ते असं, की सगळ्या मायामीवर काही परिणाम झाला नाही हे पक्कं, पण सगळ्यात खालच्या पायरीवरच्या एका छोट्या गटाला त्रास झाला असेल ही शक्यता मी सोडून देणार नाही, कारण त्या गटातली माणसं मला माझ्या ऑफिसात भेटतात.

2016 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या वैज्ञानिक संस्थेने या सगळ्या संशोधनाचा एक मोठा अहवाल काढला. निष्कर्ष साधारण असा की दहा वर्षं किंवा त्याहून लांबचा काळ घेतला तर जन्माने अमेरिकन असलेल्यांच्या एकूण पगारावर परिणाम फारच थोडा, आणि जिथे तोटा दिसतो तिथे तो सगळ्यात जास्त आधी आलेल्या स्थलांतरितांना आणि त्यानंतर शाळा अर्धवट सोडलेल्या अमेरिकनांना. हे वाक्य तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे म्हणून परत सांगते, आधी आलेल्या स्थलांतरितांना. म्हणजे तुमचा भाऊ. तो नवीन माणसासारखंच काम करतो, इंग्रजी त्याच्यासारखंच जेमतेम, एजन्सी तीच, कामावर नेणारी व्हॅन तीच. गोऱ्या सुपरवायझरशी त्या नवीन माणसाची स्पर्धा नाहीच, उलट खाली माणसं वाढली की सुपरवायझरची गरज वाढते. स्पर्धा आहे ती तुमच्या भावाशी. त्यामुळे भावाला जे जाणवतंय त्याला मी भ्रम म्हणणार नाही. त्याचं निदान चुकतंय असं मात्र म्हणेन, ते का ते पुढे सांगते.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही इथेच सांगून टाकते. कामाला भाषा लागते का, परवाना लागतो का, युनियन आहे का, राज्याचा किमान रेट किती आणि तो राबवायला कोणी आहे का, मंदी आहे का तेजी, या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलतं. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, किमान वेतन 2009 पासून 7.25 डॉलरवर अडकलंय, आपल्या जर्सीत ते 15 डॉलरच्या वर आहे. अलाबामातल्या कोंबडी कारखान्यातलं उत्तर आपल्या एलिझाबेथ शहरातल्या गोदामाला जसंच्या तसं लावू नका.

आता उलटी बाजू बघा. सगळे म्हणतात हे लोक घालवले की रेट वाढेल. हा प्रयोग अमेरिकेने करून बघितलाय. 1942 पासून ब्रासेरो नावाची योजना होती, मेक्सिकोतून शेतमजूर करारावर यायचे, लाखोंच्या संख्येने, अगदी कायदेशीर. 1964 च्या शेवटी ती बंद केली, आणि उघड कारण हेच दिलं की अमेरिकन शेतमजुरांचे पगार वाढतील. क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल यांनी 2018 मध्ये राज्याराज्यांचे त्या काळातले आकडे तपासले, तर जिथे ब्रासेरो खूप होते आणि जिथे अजिबात नव्हते तिथल्या मजुरीत फरकच पडलेला नाही. कारण शेतकऱ्याने पगार वाढवण्याऐवजी यंत्र घेतलं. टोमॅटोचं उदाहरण प्रसिद्ध आहे, डेव्हिसच्या विद्यापीठात यंत्राने तोडता येईल असा कडक टोमॅटो आणि तो तोडणारं यंत्र दोन्ही आधीच तयार होते, योजना बंद झाल्यावर पाच-सहा वर्षांत कॅलिफोर्नियातला प्रोसेसिंगचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघायला लागला. जिथे यंत्र नव्हतं तिथे काही पिकंच कमी झाली. तुमच्या भावाचं गोदाम तर यंत्राच्या बाबतीत टोमॅटोच्या कितीतरी पुढे आहे, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. एक हिशोब मांडते, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा छपराचं काम करणारा माणूस तासाला 25 डॉलर घेतो आणि आठवड्याला 50 तास काम करतो. कायद्याप्रमाणे पहिले 40 तास 25 ने, वरचे 10 तास दीडपट म्हणजे 37.50 ने, मिळून 1375. त्यावर मालकाच्या वाट्याचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा 7.65 टक्के म्हणजे आणखी 105. झाले 1480. त्यावर वर्कर्स कॉम्पचा, म्हणजे कामावर इजा झाली तर लागणारा, विमा, आणि छपरावरून माणसं पडतात म्हणून त्या धंद्यात तो विमा भलताच महाग असतो. आता दुसरा ठेकेदार त्याच माणसाला त्याच 25 च्या रेटने कॅश देतो, 50 गुणिले 25, 1250, विषय संपला. लक्षात घ्या, तासाचा रेट एकच आहे, कोणी कमी पैशात काम करायला तयार झालेलं नाही, तरी एका माणसामागे आठवड्याला 230 डॉलर वाचले, विमा वेगळा. सहा माणसांची टोळी आणि अख्खा सीझन धरा. टेंडर कोणाला मिळणार?

आणि टेंडर हरलेला सरळ माणूस काय करतो? पहिल्या वर्षी तक्रार करतो, दुसऱ्या वर्षी आपली दोन माणसं कमी करतो, तिसऱ्या वर्षी उरलेल्यांना सांगतो की आता तुम्हाला 1099 वर घेतो, म्हणजे कागदोपत्री तुम्ही स्वतंत्र धंदेवाले, मग ओव्हरटाइम नाही, विमा नाही, बेकारी भत्ता नाही. ही उरलेली माणसं नागरिक असतात. त्यांचा रेट पडला, बिनकागदाच्या माणसाने कमी मागितलं म्हणून नव्हे, त्याला ओव्हरटाइम न देता ठेकेदार सुटला म्हणून. हा फरक बारीक वाटेल, पण उपाय काय करायचा ते सगळं त्याच्यावर ठरतं.

हे फक्त माझ्या फाईलींत आहे असं नाही. 2009 मध्ये बर्नहार्ट, मिल्कमन, थिओडोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसमधल्या कमी पगाराच्या 4387 कामगारांचा सर्व्हे प्रसिद्ध केला. आदल्या आठवड्यात किमान वेतनापेक्षा कमी मिळालेले 26 टक्के निघाले. परदेशात जन्मलेल्यांत ते प्रमाण 31 टक्के आणि अमेरिकेत जन्मलेल्यांत 16 टक्के. सगळे बघतात की 31 हा 16 च्या जवळजवळ दुप्पट आहे. मला मात्र त्या 16 वर बोट ठेवावंसं वाटतं, पासपोर्ट असलेला, इथेच शाळेत गेलेला दर सहा-सात माणसांमागे एक जण त्या आठवड्यात लुटला गेला होता, कारण तो ज्या धंद्यात आहे तिथे लुटायची पद्धत पडून गेलीय.

ती पद्धत कशी पडते याचं एक उदाहरण माझ्याच कामातलं. ड्रायवॉलची, म्हणजे आतल्या भिंतींना तयार फळ्या लावण्याची, एक साइट होती, टोळीत एक पोर्टोरिकन माणूस, म्हणजे जन्माने अमेरिकन नागरिक, आणि बाकी बहुतेक ग्वाटेमालाचे, कागद नसलेले. कोणालाच ओव्हरटाइम मिळत नव्हता. माझ्याकडे आला तो पोर्टोरिकन, कारण त्यालाच भीती नव्हती. पण तासांचा हिशोब मालकाने ठेवलेला नाही, याची पगाराची पावती नाही, आणि हा किती वाजता यायचा-जायचा हे सांगू शकणारे सगळे साक्षीदार कोर्टाच्या पायरीकडे बघायलाही तयार नाहीत. शेवटी केस सेटल झाली, पण त्याला जे यायला हवं होतं त्याच्या बऱ्याच खाली. त्याचं नागरिकत्व अगदी पक्कं होतं, आणि शेजाऱ्याच्या भीतीपुढे ते निम्मं निकामी ठरलं. तेव्हापासून कोणी मला म्हणालं की त्यांच्या हक्कांचं आपल्याला काय, तर मी ही केस सांगते.

कायदा याबाबतीत काय म्हणतो हेही सांगायला पाहिजे, कारण बहुतेकांना वाटतं कागद नाही म्हणजे हक्कच नाही. तसं नाही. 1938 चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट केलेल्या कामाची मजुरी सगळ्यांना देतो. यावरचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच एका माणसाचा आहे, पटेल आडनावाचा भारतीय नागरिक, व्हिजिटर व्हिसावर आला, मुदत संपली तरी राहिला आणि अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये मोटेलवर साफसफाई-दुरुस्तीची कामं करायचा. पुरेशी मजुरी मिळाली नाही म्हणून तो कोर्टात गेला आणि 1988 मध्ये अकराव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की कायदा त्यालाही लागू आहे. कारणही दिलं, की लागू नाही म्हटलं तर मालकांना अशीच माणसं ठेवायचा मोह वाढेल.

पण मग 2002 चा हॉफमन खटला आला. तिथे युनियनच्या बाजूने उभा राहिला म्हणून एका कामगाराला काढलं होतं, ते काढणं बेकायदेशीर ठरलं, पण त्याने नोकरी दुसऱ्याच्या जन्मदाखल्यावर मिळवली होती हे बाहेर आलं. सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने सांगितलं की काढल्यानंतरचा बुडालेला पगार त्याला मिळणार नाही. केलेल्या कामाची मजुरी वेगळी, तिला या निकालाने हात लागत नाही असंच कोर्टं सहसा धरतात. पण निकालाचा संदेश मालकांना बरोबर कळला, की युनियन करणारा बिनकागदाचा असेल तर त्याला काढणं स्वस्त पडतं. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रायर यांनी नेमकं हेच लिहिलं होतं. आणि एकाला काढणं स्वस्त झालं की युनियन सगळ्यांचीच बुडते, नागरिकांचीसुद्धा.

तुम्ही म्हणाल आधी हे लोक आले मग युनियन बुडाली ना. काही ठिकाणी क्रम उलटा आहे. लॉस एंजेलिसच्या ऑफिस इमारतींत 1980 च्या आसपास साफसफाई करणारे बरेचसे कृष्णवर्णीय होते, युनियनचे, बऱ्या पगाराचे. इमारत मालकांनी ती कामं युनियन नसलेल्या ठेकेदारांकडे दिली, पगार खाली आले, जुने लोक बाहेर पडले आणि त्या पडलेल्या पगारावर मेक्सिको, साल्वाडोर, ग्वाटेमालाचे लोक आले. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण खात्याने 1988 मध्ये बेकायदेशीर कामगार आणि मजुरी यावर अहवाल दिला, त्यात या धंद्याचा उल्लेख आहे, जुन्या लोकांचं नुकसान झालं हे तिथे नाकारलेलं नाही आणि मीही नाकारत नाही. पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. याच नवीन लोकांनी, ज्यांच्यातल्या कित्येकांकडे कागद नव्हते, 1990 मध्ये लॉस एंजेलिसच्या सेंच्युरी सिटी भागात संप केला, 15 जूनला पोलिसांनी मोर्चाला बेदम मारलं, ते टीव्हीवर दिसलं, आणि ठेकेदाराने युनियनशी करार केला. 2000 मध्ये पुन्हा संप करून त्यांनी पगारवाढ घेतली. ही माणसं जन्मजात स्वस्त नव्हती. युनियनने पाठीशी उभं राहून दाखवल्यावर तीच माणसं रेट वर नेणारी ठरली.

याला जोडून आणखी एक गोष्ट, जी महाराष्ट्रातल्या वाचकाला लगेच कळेल. साखर कारखाना कसा म्हणतो की ऊसतोड कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत, उचल मुकादमाने दिली, हिशोब मुकादमाकडे. बीडहून आलेलं जोडपं ज्या कारखान्यासाठी सहा महिने कोयता चालवतं तो कारखाना कागदावर त्यांना ओळखतच नाही. इथे एजन्सी आणि सब-कॉन्ट्रॅक्टर तेच काम करतात. 1986 मध्ये रेगन यांच्या काळात कायदा आला, त्याने 27 लाखांच्या आसपास लोकांना कागद मिळाले आणि त्याचबरोबर बेकायदेशीर माणूस ठेवणाऱ्या मालकाला दंडाची तरतूद झाली. पण दंड फक्त जाणूनबुजून ठेवल्यास. काम करायचा परवाना तपासल्याचा आय-नाइन फॉर्म भरला, दाखवलेले कागद खरे वाटले, झालं, मालक मोकळा. आणि ज्याला तेवढीही जोखीम नको होती त्याने मध्ये एक ठेकेदार घातला. कॅलिफोर्नियाच्या शेतीत ठेकेदारांचं प्रस्थ त्यानंतरच वाढलं. तुमच्या भावाच्या गोदामावर ज्या मोठ्या कंपनीची पाटी आहे तिच्या पेरोलवर किती जण आहेत आणि एजन्सीचे किती, ते त्याला मोजायला सांगा.

मग धाडी घातल्या तर? 2025 पासून त्या खूप वाढल्यात, म्हणून हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. 2008 ते 2014 मध्ये सिक्युअर कम्युनिटीज नावाचा कार्यक्रम होता, जेलमध्ये घेतलेले बोटांचे ठसे सरळ इमिग्रेशनकडे जायचे. तो एकेका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, वेगवेगळ्या वेळी सुरू झाला, त्यामुळे तुलना करता आली. अर्थशास्त्रज्ञ क्लोई ईस्ट आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की तिथे अमेरिकेत जन्मलेल्यांचंही काम कमी झालं, वाढलं नाही. गिऱ्हाईक कमी झालं, आणि हाताखाली माणसं नसल्यामुळे त्यांच्यावरच्या जागाही गेल्या. अ‍ॅरिझोनाने 2008 पासून प्रत्येक मालकाला ई-व्हेरिफाय, म्हणजे कामगाराचे कागद सरकारी यादीशी ऑनलाइन पडताळणं, सक्तीचं केलं, तिथे लोक काही प्रमाणात गेले, पण राहिलेले बरेच पेरोलवरून उतरून स्वतंत्र धंदेवाले बनले, म्हणजे वर सांगितलेला 1099 चाच खेळ. माझ्या कामात मला दिसतं ते एवढंच, की धाडीची बातमी आली की दुसऱ्या आठवड्यात माझे साक्षीदार फोन उचलणं बंद करतात. मालकाला न मागता मिळालेली सूट आहे ती.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की ही बाई सीमा उघडी टाका म्हणतेय. मी तसं म्हणत नाही. देशाला किती लोक घ्यायचे हे ठरवायचा हक्क आहे, रांगेत वीस-वीस वर्षं उभ्या असलेल्या आपल्या लोकांचा रागही मला समजतो. माझं म्हणणं मजुरीपुरतं आहे, की जो माणूस आत्ता, या शिफ्टला, तुमच्या भावाच्या शेजारी उभा आहे त्याला तक्रार करता येणं हे तुमच्या भावाच्या पाकिटासाठी गरजेचं आहे. युनियनवाल्यांना हे कळायला वेळ लागला. सेझर चावेझ यांची शेतमजूर युनियन 1974 मध्ये बिनकागदाच्या मजुरांविरुद्ध मोहीम चालवत होती, कारण मळेवाले संप फोडायला त्यांनाच आणायचे, आणि त्या परिस्थितीत त्यांचा राग मी समजू शकते. पण 2000 च्या फेब्रुवारीत एएफएल-सीआयओ या देशातल्या सगळ्यात मोठ्या कामगार महासंघाने आपली जुनी भूमिका सोडली आणि या लोकांना कागद द्या अशी मागणी केली. दयेपोटी केलेली नव्हती ती मागणी, संघटना बांधताना पंधरा वर्षं ज्या ठेचा लागल्या त्यातून आलेली होती.

आणि हे समजायला खरं तर आपल्याला लांब जायला नको. एच-वन व्हिसावरच्या ज्या मुलाची नोकरी गेली की 60 दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा असतो, तो मॅनेजरला शनिवारी येणार नाही असं किती जोरात म्हणू शकतो? त्याच्याकडे कागद आहे, पदवी आहे, इंग्रजी आहे, तरी त्याचा आवाज खाली जातो. मग ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याचा किती खाली जात असेल ते बघा.

आता भावाने काय करावं. तो एजन्सीचा आहे आणि फोर्कलिफ्ट चालवतो, म्हणून न्यू जर्सीचा 2023 चा टेम्पररी वर्कर्सचा कायदा त्याला बहुतेक लागू होतो, त्यात माल हलवण्याची कामं धरलेली आहेत. त्या कायद्याने एजन्सीच्या माणसाला, तेच किंवा जवळजवळ तेच काम करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या कामगारांच्या सरासरीपेक्षा कमी रेट देता येत नाही, आणि सुविधांची किंमतही धरावी लागते. म्हणजे पहिला प्रश्न शेजारच्या एजन्सीच्या माणसाकडे कागद आहे का हा विचारायचा नाही, कंपनीच्या पेरोलवरचा फोर्कलिफ्टवाला तासाला किती घेतो हा विचारायचा. माझा अंदाज आहे की त्याचा अडकलेला रेट तिथे सापडेल. एजन्सीने कामाची माहिती, रेट, वेळ हे त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायला हवं. व्हॅनचे पैसे पगारातून कापत असतील तर तेही बंद आहे. आणि जबाबदारी एकट्या एजन्सीची नाही, कंपनीही अडकते, मुकादमाकडे बोट दाखवून सुटका नाही.

त्याने पगाराच्या सगळ्या पावत्या एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात, पावती नसेल त्या आठवड्याचे तास फोनमध्ये लिहून ठेवावेत, रोजच्या रोज, नंतर आठवून नव्हे. राज्याच्या 2019 च्या कायद्याने सहा वर्षं मागचं मागता येतं आणि बुडालेल्या रकमेवर दुप्पटीपर्यंत नुकसानभरपाई मिळू शकते. तक्रार केल्यावर 90 दिवसांत काढलं किंवा तास कापले तर तो सूड आहे असं कायदा गृहीत धरतो, नाही हे मालकाने सिद्ध करायचं. तक्रार राज्याच्या लेबर डिपार्टमेंटकडे करता येते, वकील लागलाच पाहिजे असं नाही, पण एकदा कोणाला तरी कागद दाखवून घ्या, कारण तुमच्या भावाच्या करारात काय आहे ते मी इथून बघू शकत नाही.

शेवटचं काम सगळ्यात अवघड आहे आणि तरी तेच सगळ्यात उपयोगाचं. एकट्याच्या नावाने गेलेली तक्रार आणि आठ जणांच्या सह्यांची तक्रार यात फार फरक पडतो. त्या आठांत बिनकागदाचे असले तरी चालतं, लेबर डिपार्टमेंट तक्रार घेताना इमिग्रेशनचा दर्जा विचारत नाही, आणि 2024 पासून कामगाराच्या कागदांची धमकी देऊन मजुरीचा गुन्हा दाबायचा प्रयत्न करणाऱ्या मालकाला या राज्यात वेगळा दंड आहे. ते लगेच विश्वास ठेवणार नाहीत, धाडींच्या या दिवसांत मी त्यांना दोषही देणार नाही, आणि कोणी नाही म्हणालं तर त्याच्यावर जोर करू नका. पण विचारायला भावानेच जायला हवं, कारण ग्रीन कार्ड त्याच्याकडे आहे आणि त्यांच्यापेक्षा त्याची जोखीम कमी आहे. पावत्या जमल्या की मला सांगा, कुठला फॉर्म कसा भरायचा ते मी बघून देईन.